शाळेचा बॉण्ड मतदारांसमोर नेताना: कॅलिफोर्नियातल्या नव्या प्रिन्सिपल, ट्रस्टी आणि पालक-कार्यकर्त्यांसाठी

पुण्यात किंवा नाशकात घरपट्टीचं बिल आलं की त्यात शिक्षण कराची एक ओळ असते. महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने बसवलेला हा कर आपण वर्षानुवर्षं भरत आलो. तो द्यायचा की नाही यावर कुणी आपलं मतदान घेतलं नाही. कॅलिफोर्नियात तसं नाही. इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, नव्या इमारतीसाठी किंवा जुन्या इमारतींच्या मोठ्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं असेल, तर ते फेडण्यासाठीचा कर लावू द्यायचा का, हे तिथले मतदार ठरवतात. मतपत्रिकेवर त्या प्रश्नाला इंग्रजी वर्णमालेतलं एखादं अक्षर मिळतं, 'मेझर ए' किंवा 'मेझर एम' असं, आणि पुढे फक्त हो किंवा नाही.

आपली मराठी मंडळी आता या प्रक्रियेच्या आत आहेत. कुणी प्रिन्सिपल झालंय, कुणी स्कूल बोर्डावर ट्रस्टी म्हणून निवडून आलंय, कुणी पीटीएचं (पालक-शिक्षक संघटनेचं) अध्यक्षपद किंवा स्कूल साइट काउन्सिलची, म्हणजे शाळेतल्या पालक-शिक्षकांच्या समितीची, जागा घेतलीये. यांपैकी बहुतेकांनी लहानपणी असलं मतदान पाहिलेलं नसतं, त्यामुळे पहिला मेझर समोर आला की गोंधळ उडतो: नेमकं बोलायचं काय, कुणाशी, आणि कुठे थांबायचं? हा लेख त्यांच्यासाठी आहे. शाळा चालवणाऱ्याने मतं गोळा करायला निघू नये. त्याने पूर्ण माहिती द्यावी, गैरसोयीची माहितीसुद्धा. कायद्याची अपेक्षा तीच आहे, आणि लोकांचा विश्वासही त्यानेच बसतो असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: पैसा कशासाठी हवाय ते आधी ठरवा

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली बोलल्या जातात, बॉण्ड आणि पार्सल टॅक्स. त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं संभाषण बिघडतं.

बॉण्ड म्हणजे कर्जरोखे. डिस्ट्रिक्ट ते बाजारात विकतं, पैसे उभे करतं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं घरमालकांच्या मालमत्ता करातून ते फेडतं. हा पैसा इमारतींसाठी आहे: छपरं, वायरिंग, प्रयोगशाळा, भूकंपासाठीचं मजबुतीकरण, कायमच्या झालेल्या तात्पुरत्या पोर्टेबल वर्गांच्या जागी पक्के वर्ग. शिक्षकांचे पगार त्यातून देता येत नाहीत.

पार्सल टॅक्स दरवर्षी प्रत्येक मालमत्तेवर बसतो, बहुधा सगळ्यांना सारखाच. तो पगारांसाठी, ग्रंथपालासाठी, संगीताच्या वर्गासाठी वापरता येतो. म्हणून शिक्षक टिकवण्याची अडचण असलेल्या डिस्ट्रिक्टने लोकांपुढे बॉण्ड नेणं म्हणजे प्रश्न एक आणि उत्तर दुसरंच.

मंजुरीचा उंबरठाही वेगळा. बोर्डाने मतपत्रिकेवर ठेवलेल्या पार्सल टॅक्सला दोन तृतीयांश मतं लागतात, शाळेच्या बॉण्डला बहुतेक वेळा ५५ टक्के. हा फरक समजायला थोडा इतिहास हवा. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १३, म्हणजे राज्यभराच्या मतदानाला ठेवलेला प्रस्ताव, मंजूर केला. मालमत्ता कर घराच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधला गेला, आणि करासाठी धरलेली किंमत घर विकलं जाईपर्यंत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार असं ठरलं. शाळांचा स्थानिक उत्पन्नाचा नळ जवळपास बंद झाला. नवे बॉण्ड काढण्याची वाट १९८६ मध्ये पुन्हा उघडली, पण दोन तृतीयांशांची अट घालून. साठ-पासष्ट टक्के लोकांनी हो म्हणूनही शाळेचा बॉण्ड पडायचा. मग नोव्हेंबर २००० मध्ये प्रपोझिशन ३९ आलं आणि शाळांच्या बॉण्डसाठी उंबरठा ५५ वर उतरला.

ही सवलत फुकट मिळालेली नाही. तिच्यासोबत अटी आल्या: कामांची यादी आधी जाहीर करायची, दरवर्षी आर्थिक आणि कामगिरीचं ऑडिट करायचं, नागरिकांची देखरेख समिती नेमायची, कराच्या दराला मर्यादा पाळायची. नव्या ट्रस्टीने या अटी पाठ कराव्यात, कारण सभेत येणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांतच आहेत.

राज्याचाही हात असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रपोझिशन २ ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांच्या बांधकामासाठी १,००० कोटी डॉलरचे राज्य बॉण्ड मोकळे केले. पण राज्याचा वाटा मिळवायला डिस्ट्रिक्टला आपला वाटा घालावा लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी स्थानिक बॉण्डमधूनच येतो.

पायरी २: कॅलेंडर उलटं मोजा

मेझर मतपत्रिकेवर घालण्याचा बोर्डाचा ठराव निवडणुकीच्या किमान ८८ दिवस आधी काउंटीकडे पोचावा लागतो. ३ नोव्हेंबर २०२६ ची निवडणूक धरली तर तो दिवस ७ ऑगस्टचा येतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळा नुकत्याच उघडत असतात किंवा उघडायच्या असतात, पालक सुट्टीवर, शिक्षक अजून परतलेले नाहीत. म्हणजे लोकांशी जे काही बोलायचं ते मेअखेरीपर्यंत झालेलं हवं, आणि सुरुवात त्याच्या आदल्या वर्षीच्या शरदात. जुलैत घाईने दोन सभा घेऊन ठराव उरकणाऱ्या बोर्डाला लोक बरोबर ओळखतात.

५५ टक्क्यांचा बॉण्ड मतपत्रिकेवर ठेवायला बोर्डाच्या दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी लागते. पाचजणांच्या बोर्डात म्हणजे चारजण. एखादा सदस्य नाराज असेल तर त्याचा आक्षेप वसंतातच ऐकून घ्या. बहुधा तोच आक्षेप गावातही असतो.

पायरी ३: ऐकायला जा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. बोर्डाच्या सभेत तीन मिनिटांची सार्वजनिक टिप्पणी म्हणजे ऐकणं नव्हे. तिथे तेच आठ-दहा चेहरे येतात.

सुरुवात शाळेच्या इमारतीपासून करा. मेंटेनन्सच्या माणसाला सोबत घ्या आणि गच्चीवर, बॉयलर रूममध्ये, जुन्या स्वच्छतागृहांत फिरा. कोणता पाइप किती वेळा फुटला, कुठला वर्ग सप्टेंबरच्या उन्हाळ्यात बसण्यालायक राहत नाही, हे त्याला प्रिन्सिपलपेक्षा जास्त माहीत असतं. मग हीच फेरी लोकांसाठी खुली करा. शनिवारी सकाळी दहा वाजता बारा-पंधरा माणसांना दाखवलेलं एक प्रत्यक्ष स्वच्छतागृह चाळीस स्लाइडपेक्षा जास्त समजावतं. शाळेत मुलं असताना मात्र बाहेरच्यांना फिरवू नका.

बोलवायचं कुणाला? पालक येतातच. पण डिस्ट्रिक्टमधल्या बहुसंख्य मतदारांची मुलं सहसा तिथल्या शाळेत नसतात. मुलं मोठी होऊन गेलेली जोडपी, निवृत्त मंडळी, भाड्याने राहणारे तरुण, खासगी शाळेत मुलं घातलेले, सगळे मत देतात. सीनियर सेंटर, रोटरी क्लब, गुरुद्वारा, चर्च, मंदिर, घरमालकांच्या संघटना, आणि करदात्यांच्या संघटना. शेवटच्यांकडे जायला लोक कचरतात. जा. बॉण्डच्या विरोधात मतपत्रिकेसोबतचा मजकूर बहुधा त्यांच्यातलाच कुणीतरी लिहिणार असतो. त्याचे प्रश्न मार्चमध्ये समजलेले बरे, ऑक्टोबरमध्ये छापून आलेले नकोत.

ऐकताना लिहून घ्या, आणि जे ऐकलं त्याने यादीत काय बदललं ते पुढच्या सभेत सांगा. "तुम्ही शिंपी-कामाच्या खोलीऐवजी आधी विज्ञानाची प्रयोगशाळा करा म्हणालात, म्हणून ती पहिल्या टप्प्यात घेतली." असं एक वाक्य खरंखुरं बोलता आलं, तर लोक पुढच्या वेळी पुन्हा येतात.

मतदारांचा कल तपासायला डिस्ट्रिक्ट स्वतःच्या पैशाने सर्वेक्षण करू शकतं. लोक कशाला प्राधान्य देतात, किती कर सोसू शकतात, मेझर आणणं व्यवहार्य आहे का, हे विचारता येतं. प्रचार कसा करावा याची आखणी मात्र सार्वजनिक पैशातून करता येत नाही. हीच सीमा पुढची पायरी ठरवते.

पायरी ४: माहिती कुठे संपते, प्रचार कुठे सुरू होतो

हे नीट वाचा. चांगल्या हेतूची माणसं इथेच अडकतात.

१९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'स्टॅन्सन विरुद्ध मॉट' या खटल्यात निकाल दिला. १९७४ च्या उद्यानांच्या बॉण्डसाठी राज्याच्या उद्यान खात्याने सरकारी पैसा प्रचारावर खर्च केला, असा एका करदात्याचा दावा होता. न्यायालय म्हणालं, निवडणुकीत एका बाजूने उतरायला सार्वजनिक पैसा वापरता येणार नाही. निःपक्षपाती माहिती द्यायला येईल. शाळांसाठी हेच तत्त्व एज्युकेशन कोडच्या कलम ७०५४ मध्ये आहे: डिस्ट्रिक्टचा पैसा, सेवा, साहित्य, उपकरणं यांतलं काहीही मेझरच्या बाजूने किंवा विरोधात मत द्या म्हणायला वापरायचं नाही.

'साहित्य आणि उपकरणं' म्हणजे शाळेचा ईमेल, झेरॉक्स मशीन, पालकांच्या पत्त्यांची यादी, शाळेने संदेश पाठवायला घेतलेलं अॅप, ऑफिसचा फोन, आणि पगाराच्या वेळेतला तुमचा वेळ. शिक्षकांच्या शाळेतल्या टपालपेट्यासुद्धा यात येतात. संघटनेचं राजकीय पत्रक तिथे टाकता येत नाही, असा निकाल २००९ मध्ये सॅन लिआन्ड्रोच्या खटल्यात लागला.

एखादा मजकूर माहितीत बसतो की प्रचारात, हे पाहताना न्यायालयं तीन गोष्टी तपासतात: शैली, सूर आणि वेळ. समजा शाळेच्या पत्रकात लिहिलं, "या मेझरमधून अमुक इमारतींची छपरं बदलण्याचा प्रस्ताव आहे, कराचा अंदाजे दर इतका आहे, मतदान अमुक तारखेला आहे, संपूर्ण यादी डिस्ट्रिक्ट ऑफिसात पाहता येईल," तर ती माहिती झाली. "आपल्या मुलांच्या सुरक्षित भविष्यासाठी मतदानाला नक्की या" यात 'हो म्हणा' कुठेच नाही, तरी सूर प्रचाराचाच आहे. आणि एरवी वर्षातून दोनदा साध्या कागदावर निघणारं पत्रक ऑक्टोबरमध्ये गुळगुळीत रंगीत होऊन दर आठवड्याला घरोघर जाऊ लागलं, तर त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असूनही शंका येणारच.

मग शाळाप्रमुखाला स्वतःचं मत असूच नये का? असावं, आणि मांडावंही. बोर्ड जाहीर सभेत, दोन्ही बाजूंना बोलायची संधी देऊन, मेझरला पाठिंबा देणारा ठराव करू शकतं. सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे मुख्य अधिकारी) किंवा प्रिन्सिपल स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या पैशाने प्रचार करू शकतात, रविवारी दारोदार फिरू शकतात. एखाद्या नागरिक गटाने निमंत्रण दिलं तर अधिकारी तिथे जाऊन बोर्डाने हा मेझर का आणला ते समजावू शकतात आणि प्रश्नांना उत्तरं देऊ शकतात. कायद्यात याची स्पष्ट मुभा आहे. मराठी मंडळांसाठी हा फार उपयोगी धागा आहे. मंडळाने लेखी निमंत्रण पाठवावं, म्हणजे प्रिन्सिपलना निर्धास्तपणे येता येतं.

प्रत्यक्ष प्रचारासाठी वेगळी खासगी समिती लागते. वर्षभरात २,००० डॉलर गोळा केले किंवा खर्चले की तिची नोंदणी आणि हिशेब सादर करणं बंधनकारक होतं. हे नियम राज्याचं फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन पाहतं. पीटीए मेझरला पाठिंबा देऊ शकते, पण शाळेची साधनं वापरून नव्हे. आणि एक खास इशारा नव्या ट्रस्टींसाठी: बॉण्ड विकणाऱ्या वित्तसंस्थेकडून प्रचाराची कामं करून घेऊन त्याबदल्यात तिलाच बॉण्डचं काम देणं बेकायदा आहे, असं मत राज्याच्या अॅटर्नी जनरलनी २०१६ मध्ये दिलेलं आहे. असा प्रस्ताव घेऊन कुणी चहाला बोलावलं तर आधी डिस्ट्रिक्टच्या वकिलाशी बोला.

मुलांना यात ओढू नका. दप्तरातून प्रचाराची पत्रकं घरी पाठवायची नाहीत, चित्रकलेच्या तासाला 'आमची शाळा वाचवा'चे फलक करून घ्यायचे नाहीत.

पायरी ५: प्रत्येक घराचा आकडा सांगा

"फक्त एका कॉफीच्या किमतीत" असली भाषा मला अजिबात पटत नाही. लोकांना डॉलर सांगा.

५५ टक्क्यांच्या बॉण्डमध्ये युनिफाइड डिस्ट्रिक्टसाठी, म्हणजे बालवर्गापासून बारावीपर्यंत एकच डिस्ट्रिक्ट असेल तिथे, एका निवडणुकीतल्या बॉण्डचा अंदाजे दर दर १ लाख डॉलर असेस्ड व्हॅल्यूमागे वर्षाला ६० डॉलरच्या वर जाता कामा नये. एलिमेंटरी आणि हायस्कूल डिस्ट्रिक्ट वेगळे असतील तर प्रत्येकी ३०, कम्युनिटी कॉलेजला २५. असेस्ड व्हॅल्यू म्हणजे आजची बाजारभावाची किंमत नव्हे. काउंटीच्या बिलावर करासाठी धरलेली किंमत.

आपल्या लोकांचा प्रश्न इथेच आहे. समजा एका गल्लीत दोन सारखी घरं आहेत. एक आजी-आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेलं, असेस्ड व्हॅल्यू अडीच लाख. शेजारचं एका मराठी जोडप्याने गेल्या वर्षी १६ लाखांना घेतलेलं. ६० डॉलरच्या दराने आजी-आजोबांना वर्षाला १५० डॉलर, या जोडप्याला ९६० डॉलर. घर सारखं, शाळा तीच. प्रपोझिशन १३ चा हा थेट परिणाम आहे. नव्याने घर घेतलेल्यांच्या सभेत सरासरी घराचा आकडा सांगून मोकळं होणाऱ्याला कुणी ना कुणी उभं राहून विचारतंच, "माझं किती?" म्हणून लोकांना काउंटीचं बिल सोबत आणायला सांगा आणि तिथेच गणित करून द्या. आधीचे बॉण्डही त्या बिलात वेगवेगळ्या ओळींत दिसतात. नवा कर त्यांच्यावर चढणार की जुने फिटत आल्यामुळे एकूण दर तेवढाच राहणार, हेही सांगा.

व्याज लपवू नका. गृहकर्ज घेतलेल्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही: जितकं काढलं त्याहून बरंच जास्त फेडायचं असतं. मतदार पुस्तिकेतल्या टॅक्स रेट स्टेटमेंटमध्ये मुद्दल आणि व्याज मिळून एकूण परतफेडीचा अंदाज द्यावाच लागतो. तो आकडा तुम्हीच पहिल्यांदा उच्चारा. सॅन डिएगोजवळच्या पोवे युनिफाइडने २०११ मध्ये सुमारे १०.५ कोटी डॉलरचे असे बॉण्ड काढले की परतफेड ९८ कोटींच्या घरात गेली, कारण पहिली वीस वर्षं काही फेडायचंच नव्हतं. त्या प्रकरणानंतर २०१३ च्या कायद्याने अशा बॉण्डांची एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर रोखली. करदात्यांच्या संघटनेतला माणूस पोवेचं नाव घेईल तेव्हा तुम्हाला ही हकीगत माहीत हवी.

पार्सल टॅक्समध्ये पासष्टीपुढच्यांना अनेक डिस्ट्रिक्ट सूट देतात. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. ही गोष्ट सीनियर सेंटरमध्ये आधी सांगा.

पायरी ६: अवघड प्रश्नांची तयारी

मतपत्रिकेवरचा मजकूर ७५ शब्दांत बसवावा लागतो, आणि त्यातच वर्षाला किती रक्कम उभी राहणार, दर किती, किती काळ, हेही सांगावं लागतं. उरलेल्या शब्दांत विशेषणं कोंबू नका. शब्दांच्या गोंधळाची किंमत राज्याने मार्च २०२० मध्ये मोजली. १,५०० कोटी डॉलरच्या शाळा बॉण्डला योगायोगाने १३ हाच क्रमांक मिळाला, आणि १९७८ च्या प्रपोझिशन १३ लाच हात लावला जातोय असा पुष्कळांचा समज झाला. बॉण्ड पडला. पडण्याची ती एकच कारणमीमांसा नाही, पण नंतर विधिमंडळाने १३ हा क्रमांकच पुन्हा न वापरण्याचं ठरवलं.

सभेत जवळपास हमखास येणारे प्रश्न असे.

"लॉटरीचा पैसा कुठे गेला?" १९८४ च्या मतदानाने सुरू झालेल्या राज्य लॉटरीतून शाळांना पैसा येतो, पण एकूण खर्चाच्या तुलनेत तो फार छोटा हिस्सा आहे, आणि तो वर्गातल्या खर्चासाठी आहे, इमारतींसाठी नाही.

"मुलं कमी होताहेत, मग नव्या इमारती कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, कॅलिफोर्नियात पटसंख्या खरंच घसरते आहे. तुमच्या यादीत नवे वर्ग असतील तर ते का, याचं प्रत्येक शाळेगणिक उत्तर ठेवा. बहुतेक काम दुरुस्तीचं असेल तर तसं सांगा. एखादी शाळा पुढे बंद होण्याची चर्चा चालू असेल आणि तिचंही नाव यादीत असेल, तर ते झाकू नका. असं नंतर कळलं की पुढची दहा वर्षं त्या गावात बॉण्डचं नाव काढता येत नाही.

"हा पैसा अॅडमिनिस्ट्रेटरांच्या पगारात जाणार ना?" कायद्याने नाही. दरवर्षीचं ऑडिट आणि देखरेख समिती त्यासाठीच आहे.

"आमच्या शाळेला काय?" इथे आश्वासन देऊ नका. यादीत जे छापलंय तेवढंच वाचा. यादीतली सगळी कामं होतीलच असं नसतं. खर्च वाढले तर काही मागे राहतात. हे आज सांगितलं तर चार वर्षांनी खुलासा करायची वेळ येत नाही.

"मागच्या बॉण्डचं काय झालं?" याचं उत्तर कागदावर हवं: काय म्हटलं होतं, काय झालं, किती खर्च आला, काय राहिलं. माझ्या अनुभवात सभेतलं वातावरण बदलणारं एकच पान असतं आणि ते हे. ते नसेल तर मेझर एक निवडणूक पुढे ढकला, असंही मी सांगेन.

उत्तर माहीत नसेल तर नाव-फोन लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत कळवा.

शाळांबद्दल आपुलकी आहे म्हणजे मतंही मिळतील, असं धरून चालू नका. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी संप केला तेव्हा शहराची सहानुभूती त्यांच्याकडे होती. पाच महिन्यांनी, ४ जूनच्या खास निवडणुकीत, 'मेझर ईई' हा पार्सल टॅक्स आला. दोन तृतीयांश हवे होते, मिळाली निम्म्याहूनही कमी मतं. बोर्डाने तो फेब्रुवारीच्या अखेरीला मतपत्रिकेवर घातला होता; लोकांशी बोलायला जेमतेम तीन महिने. त्याच डिस्ट्रिक्टचा ७०० कोटी डॉलरचा बॉण्ड, 'मेझर आरआर', नोव्हेंबर २०२० मध्ये सहज मंजूर झाला. प्रकार वेगळा, उंबरठा वेगळा, आणि ती अध्यक्षपदाची मोठी निवडणूक होती. तिन्ही फरक लक्षात ठेवावेत.

पायरी ७: आपल्या मंडळींपर्यंत पोचताना

फ्रीमॉन्ट, क्युपर्टिनो, सॅन रमोन या भागांत आपली घरं पुष्कळ आहेत, पण घरं जितकी तितके मतदार नाहीत. मत फक्त अमेरिकेच्या नागरिकाला देता येतं. एच-वन-बी असो की ग्रीनकार्ड, नागरिकत्व मिळेपर्यंत मतदार म्हणून नोंदणी करायची नाही. डीएमव्हीत (वाहन परवान्याच्या कार्यालयात) किंवा रस्त्यावरच्या टेबलाशी कुणी उत्साहात फॉर्म पुढे केला तरी नाही. नागरिक असल्याचं खोटं लिहिलं गेलं तर पुढे नागरिकत्व अडतं, देश सोडण्याची वेळही येऊ शकते. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं, २०१६ च्या प्रपोझिशन एन मुळे. ती सोय बॉण्डला लागू नाही. प्रचाराला देणगी देण्याचे नियमही वेगळे आणि कडक आहेत, तेव्हा नागरिक नसाल तर चेक फाडण्याआधी जाणकार वकिलाला विचारा.

मत नाही म्हणून आवाज नाही असं मात्र अजिबात नाही. कर तर तेही भरतात. बोर्डाच्या सभेत बोलायला, यादीवर सूचना द्यायला, हिशेब मागायला नागरिकत्व लागत नाही.

नागरिक झालेल्यांना एवढं सांगा: मतपत्रिका निवडणुकीच्या सुमारे महिनाभर आधी टपालाने घरी येते. शाळेचा मेझर तिच्यावर बराच खाली असतो, वरची मोठी नावं झाली की पुष्कळजण पुढचं कोरं सोडतात. मतपत्रिका मराठीत मिळत नाही. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात अर्धा तास काढून मतदार पुस्तिकेतला निःपक्षपाती आढावा, बाजूचा आणि विरोधातला मजकूर, तिन्ही मराठीतून समजावून द्या. विरोधातला मजकूरही तितक्याच नीट समजावा. कोरेगावहून आलेल्या आजींना पार्सल टॅक्सची सूट समजावणारा माणूस त्यांच्याच बोलीतला असला की त्या निःसंकोच विचारतात.

व्हॉट्सअॅपचं एक पथ्य पाळा. शाळेच्या कामाचा ग्रुप वेगळा, शेजाऱ्यांचा वेगळा. प्रिन्सिपल म्हणून ज्या ग्रुपवर आहात तिथे तारखा आणि यादी, बाकी काही नाही.

पायरी ८: निकालानंतर

पडला तर दोन-तीन आठवडे थांबा आणि विरोधात काम केलेल्यांना भेटा. त्याच यादीचा त्याच शब्दांत पुढचा मेझर आणू नका.

मंजूर झाला तर निकाल बोर्डाच्या इतिवृत्तात नोंदवल्यापासून ६० दिवसांत नागरिक देखरेख समिती नेमावी लागते. किमान सात माणसं: व्यापारी संघटनेतला एक, ज्येष्ठांच्या संघटनेतला एक, करदात्यांच्या संघटनेतला एक, डिस्ट्रिक्टच्या शाळेत मूल असलेला एक पालक, पीटीए किंवा साइट काउन्सिलमध्ये काम करणारा एक पालक, आणि इतर. डिस्ट्रिक्टचा कर्मचारी किंवा कंत्राटदार चालत नाही. मुदत दोन वर्षांची. या समितीला खर्च थांबवायचा अधिकार नाही, पण कागद मागायचा, कामाच्या जागी जाऊन पाहायचा आणि लोकांना सांगायचा अधिकार आहे.

या जागा भरताना डिस्ट्रिक्टची खूप दमछाक होते. आपल्यात बांधकामाचे इंजिनिअर आहेत, अकाउंटंट आहेत, सरकारी कंत्राटांच्या निविदा वाचलेली माणसं आहेत. अर्ज सहसा निकालानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यात मागवतात. डिस्ट्रिक्ट ऑफिसात किंवा बोर्डाच्या अजेंड्यात त्याची सूचना लागते. नेहमीच्या सभेचा अजेंडा ब्राउन कायद्यानुसार, म्हणजे सार्वजनिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवायला लावणाऱ्या कायद्यानुसार, किमान ७२ तास आधी लावावा लागतो, तेव्हा डिसेंबर आणि जानेवारीत तो दर सभेआधी उघडून पाहा.